वारा पडल्यावरचं पाणी

मी लाखनीचा. मुंबई-कोलकाता महामार्ग आमच्या गावातून जातो, पण त्याच्या कुठल्याच टोकाचा समुद्र मी नोकरी लागेपर्यंत पाहिला नव्हता. पाणी म्हणजे आमच्याकडे तलाव नाहीतर बोडी. कोहळ्यांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून तयार केलेल्या तलावांचा हा भंडारा जिल्हा. उन्हाळ्यात वावधन सुटलं की तलावाचं पाणी थडथड बांधावर आपटायचं, ढिवरांचे डोंगे काठाला येऊन बसायचे. वारा थांबला की अर्ध्या-पाऊण तासात पाणी निजायचं. पाण्याचा स्वभाव इतकाच, अशी माझी पक्की समजूत होती.

ही समजूत घेऊनच मी देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. विदर्भातली डी.एड. झालेली पोरं कोकणात आणि डोळे आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे, ही गोष्ट काही नवी नाही. एकदा वाक्यं जोडायला शिकवताना मी फळ्यावर लिहिलं, ‘वादळ थांबले आणि समुद्र शांत झाला.’ मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला. बाप तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या. मी विचारलं तर म्हणाला, “सर, असा नसता. वारो पडलो तरी दर्या पडना नाय.” मी व्याकरण बरोबर आहे एवढंच सांगून पुढचं वाक्य लिहिलं.

2019 चा ऑक्टोबर. 21 तारखेला विधानसभेचं मतदान, त्याची ड्युटी. ती आटोपून 25 ला दिवाळीसाठी निघायचं, कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची आणि भंडारा रोडला उतरायचं असा बेत होता. नेमकं तेव्हाच ‘क्यार’ चक्रीवादळ कोकणासमोर येऊन उभं राहिलं. 25 तारखेला ते रत्नागिरीपासून फार तर दोन-अडीचशे किलोमीटरवर होतं. दोन दिवस पाऊस असा की समोरचं कौलारू घर दिसेना. गाडी चुकली. पुढचं तिकीट 30 तारखेचं मिळालं.

देवगड बंदर मी इतकं भरलेलं कधी पाहिलं नव्हतं. चहूबाजूंनी डोंगराचा आडोसा असलेली ही खाडी. वादळात गुजरातच्या, तमिळनाडूच्या, कर्नाटकच्या नौका आसऱ्याला तिथेच येतात. डोलकाठ्यांचं रान उगवलं होतं. चार भाषांत शिव्या आणि एकाच प्रकारचा स्टोव्हवरचा भात.

क्यार किनाऱ्यावर आलंच नाही. ते पश्चिमेला वळलं आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 27 तारखेला, भर समुद्रात महाचक्रीवादळ झालं. 2007 च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रातलं तसं पहिलंच. आमच्यापुरतं मात्र संपलं होतं. पाडव्याला ऊन पडलं. बाबांचा फोन आला. बांदीत कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा पावसात भिजल्या होत्या, त्या काळजीतच ते होते. तरी विचारलं, “तिकडली हवा बंद झाली ना? मंग पाणी बी बसलं असन.” मी हो म्हणालो. खिडकीतून दिसत होतं तेवढं तरी बसलेलंच होतं.

भाऊबीजेला सकाळी त्या मुलाचा बाप, आमचा तांडेल, भेटला. पाच दिवस नौका खाडीत नांगरून होती, बर्फाचं पाणी झालं होतं, खलाशी कंटाळले होते. आणखी दोन-चार नौका बाहेर पडत होत्या. तो पाणी बघायला, जमलं तर एक ओढ मारायला निघाला होता. मी ‘येऊ का’ विचारलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “मास्तरांनू, ह्या तुमचा तळा न्हय. पन येवा.” लाइफ जॅकेट फक्त मला घातलं. बाकीच्यांची कोपऱ्यात दोरीला बांधलेली होती, हे मला आजही पटत नाही.

खाडीच्या तोंडापर्यंत सगळं छान. किल्ल्याच्या टोकावरचं दीपगृह, वर पवनचक्क्या, पाती जेमतेम फिरत होती. वारा नव्हताच. आणि तोंडाबाहेर येताच नौकेची नाळ आकाशाकडे गेली.

लाट फुटली नव्हती. फेस नाही, आवाज नाही. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत, आणि त्या गुळगुळीत पाण्याचीच एक टेकडी सरकत आली, आम्हाला उचललं आणि खाली ठेवून किनाऱ्याकडे निघून गेली. पाठोपाठ दुसरी. आमच्यापासून थोड्या अंतरावर एक नौका होती. ती खाली गेली की तिची फक्त डोलकाठी दिसायची, मग तीही बुडाल्यासारखी व्हायची, मग अख्खी नौका वर. मी पोटात कालवत असतानाही मास्तरकी सोडली नाही. तांडेलाने इंजीन मंद केलं तेव्हा घड्याळ लावून दोन माथ्यांमधले सेकंद मोजले. बारा. अकरा. पुन्हा बारा, एकदा तेरा.

ते आकडे मी वहीत लिहून ठेवले आणि नंतर पुस्तकं पाहिली. बारा सेकंदांची लाट खोल पाण्यात सव्वादोनशे मीटर लांब असते. आमच्या बोडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच लाट मावेल. अशा लाटांचा जथा तासाला साधारण 34 किलोमीटर चालतो, म्हणजे दिवसाला 800. वादळाचा वारा जिथे समुद्राला झोडपतो तिथे लहानमोठ्या सगळ्या लाटा एकत्र उसळतात. आखूड लाटा वाटेतच विरतात, लांब लाटा जवळजवळ काही न गमावता पुढे जातात. आमच्या नौकेखालून गेल्या त्या बहुधा क्यारच्याच, आदल्या दिवशी कुठेतरी शेकडो किलोमीटर पश्चिमेला उठलेल्या. वारा तिकडे, पाणी इकडे. तलावात हे घडूच शकत नाही, कारण वाऱ्याला लाट एवढी वाढवायला जागाच नसते. बाबांचं गणित चुकीचं नव्हतं, फक्त ते तलावाचं होतं.

आणखी एक गोष्ट कळली. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचे अंदाज देते. त्यात ‘लाटांची उंची 3 मीटर’ असं असतं तेव्हा तो सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. त्यातली एखादी लाट जवळजवळ दुप्पट निघू शकते. तांडेलाला हे सांगितलं तर म्हणाला, ती एखादी असते म्हणूनच तो नौका लाटेला आडवी पडू देत नाही. सुकाणूवरचा त्याचा हात पूर्ण वेळ हलत होता, हे मला तेव्हा आठवलं.

वीस वाव पाण्यात जाळं सोडलं. वर आलं ते बघून खलाशी गप्पच झाले. चिखल, नारळाची झावळं, एक आख्खं फांद्यांसकट झाड, चपला, बाटल्या, पोतीभर प्लास्टिक आणि मधे मूठभर माकुल. नद्यांनी पावसात जे समुद्रात लोटलं होतं ते तळाशी जाऊन बसलं होतं आणि तळ लाटांनी ढवळला होता. जाळं दोन ठिकाणी फाटलं. मी तोवर तीनदा ओकलो होतो आणि कुणीही त्याची दखल घेतली नाही, ही त्यांची सभ्यता.

परतताना खाडीच्या तोंडाशी खरी भीती वाटली. 28 ला अमावास्या झालेली, त्यामुळे उधाणाची भरती, आणि तिच्यावर बसून या लाटा आत येत होत्या. बाहेर ज्या सभ्यपणे सरकत होत्या त्याच उथळ पाण्यात पाय अडकल्यासारख्या उभ्या राहत आणि किल्ल्याखालच्या खडकांवर कोसळत. पांढरं पाणी तटाच्या दिशेने चढत होतं. वर पवनचक्क्या मात्र तशाच मंद. तांडेल थांबला. एक लाट जाऊ दिली, दुसरी, तिसरी. काही बोलला नाही. मग एकदम इंजीन फुल करून एका लाटेच्या पाठीवरून नौका आत घातली.

दुसऱ्या दिवशी लक्षद्वीपजवळ ‘महा’ वादळ झाल्याची बातमी आली. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन. मी एसटीला निघालो तेव्हा तांडेल फाटलं जाळं पसरून बसला होता. “एक गेला, दुसरा इला,” एवढंच म्हणाला. मुलगा शेजारी सुई भरत होता. मला पाहून पुन्हा तसाच हसला.

रात्री मिरजेच्या पुढे गाडीत बर्थवर पडलो आणि डोळे मिटले की बर्थ वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. गाडीचे हेलकावे वेगळे आणि हे वेगळे, स्पष्ट कळत होते. बारा सेकंदांचे.

लाखनीला पोचलो तेव्हा बाबा बांदीत होते. कडपा पाण्यात तरंगत होत्या, काही लोंब्यांना कोंब फुटले होते. आम्ही दोघांनी मिळून त्या उचलून धुऱ्यावर उलट्या करून ठेवल्या. दुपारी भाकर खाताना बाबांनी विचारलं, “किती उंच होत्या रे लाटा?” मी समोरच्या घराच्या ओसरीकडे बोट दाखवलं, वळचणीपर्यंत. त्यांनी वळचणीकडे पाहिलं, मग शांत पडलेल्या बोडीकडे.

“आन् हवा?”

“नव्हती.”

“कायच नाही?”

“कायच नाही.”

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी हात धुतले आणि उरलेल्या कडपा उलटायला निघाले.