आधी गाळणी, मग पंप



पिकअप चढाला दम टाकू लागली किंवा ब्लोअरचे ओझे पडले की ट्रॅक्टर भकभक करून बंद पडू लागला, की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो पंपाचा. "मोठा पंप टाका काका, गाडी पळतच सुटेल!" असे सांगणारा प्रत्येक गावात एकतरी असतोच. आणि ऐन हंगामात विचार करायला फुरसत कोणाला? टोमॅटोच्या जाळ्या वेळेत पिंपळगाव बसवंतला पोचवायच्या असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडून गेला की डावणीची फवारणी काही तासांत उरकायची असते. त्या घटकेला इंजिन रुसले तर बागेचे वर्षाचे उत्पन्न डोळ्यांसमोर उभे राहते. मग माणूस सांगतील तो पंप बसवतो आणि सांगतील ते पैसे मोजतो.

तुम्हाला माझी विनंती एवढीच, की पंपाला हात लावण्याआधी गाळणी बघा. मी शेतीखात्याचा माणूस. इंजिनाची पुस्तकी ओळख कॉलेजात झाली, पण खरी शाळा झाली ती गावोगावच्या फिटरांच्या ओट्यावर. तिथे ऐकले-पाहिले तेच सांगतो.

डिझेलची वाट समजून घ्या. टाकीतून डिझेल निघते, ते फीड पंप ओढतो. हा पंप साधा, हलक्या दाबाचा. तो डिझेल पुढे फिल्टरमध्ये ढकलतो. बऱ्याच ट्रॅक्टरांना दोन फिल्टर शेजारी-शेजारी असतात, पहिला जाड कचरा धरणारा, दुसरा बारीक कागदाचा. तिथून डिझेल मोठ्या पंपात जाते. फिटरमंडळी नुसते "पंप" म्हणतात तो हाच. हा पंप जबर दाबाने डिझेल नोझलपर्यंत नेतो आणि नोझल त्याचा फवारा इंजिनात सोडते.

या दाबाचा अंदाज फवारणी करणाऱ्याला चटकन येईल. आपला एचटीपी पंप साधारण २०-३० किलोच्या दाबावर चालतो. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरचे नोझल उघडायला दीडशे ते अडीचशे किलो दाब लागतो. आणि हल्लीच्या कॉमन रेल गाड्यांत हाच दाब हजार-दीड हजाराच्याही वर जातो. एवढा दाब धरून ठेवायचा तर पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधली फट फार बारीक लागते. ती दोन-चार मायक्रॉनची असते. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे हिशेब करा. आपल्या डोळ्याला जो धूळकण दिसतही नाही, तो या फटीत कानशीसारखा काम करतो.

हे काम किती नाजूक आहे ते नाशिककरांना वेगळे सांगायला नको. डिझेलची नोझले आणि इंजेक्टर आपल्या सातपूरलाच बनतात. त्या कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले, तरी आपण अजून मायकोच म्हणतो, चौकाचे नावही मायको सर्कलच राहिले. याच बॉशने जर्मनीत १९२७ मध्ये डिझेल पंपाचे कारखानदारी उत्पादन सुरू केले. त्याआधी इंजिनात डिझेल फुंकायला दाबाखालच्या हवेचे अवजड यंत्र लागायचे. नेटका पंप आला, म्हणून डिझेल इंजिन मोटारीवर आणि ट्रॅक्टरवर बसू शकले.

आता पाण्याचे. कचरा फिल्टर धरतो, पण पाणी फार बेरकी. डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून पाणी तळाशी बसते, आणि टाकीतून ओढणारी नळी तळाजवळच असते. पाण्याला वंगण नाही. कित्येक गाड्यांत रोटरी पंप असतो, त्याला स्वतःचे तेल नसते, डिझेल हेच त्याचे वंगण. त्यात पाणी गेले की पंप कोरडा घासतो आणि गंजतो. इनलाइन पंपाच्या खालच्या भागाला तेल असते, तो थोडा सोशिक, पण दट्ट्या त्याचाही डिझेलवरच. शिवाय पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि काळपट, लिबलिबीत थर धरतो. तो एकदा फिल्टरवर बसला की कागद बंद.

दिंडोरी तालुक्यात एका बागेवर डावणीची पाहणी करायला गेलो होतो. ट्रॅक्टर दारात उभा, मालक कपाळाला हात लावून. त्या हंगामात त्यांनी फीड पंप नवा बसवला होता, मोठा पंप खोलून आणला होता, आणि कोणा कारागिराने "अडथळा नको" म्हणून पहिला फिल्टर काढून सरळ नळीच जोडून दिली होती. तरी ब्लोअर चालू झाला की दहा मिनिटांत इंजिन बंद. मालकाला सगळा हिशेब तोंडपाठ होता, पण गोम सापडली ती घरच्या वहिनींना. डिझेलची वही त्याच लिहायच्या. त्या म्हणाल्या, "साहेब, नवं डिझेल आणलं की चार दिवस ट्रॅक्टर नीट चालतो. पिंप संपत आलं की मगच याची कटकट सुरू होते."

मी काचेची बरणी मागितली. पिंपाच्या अगदी तळातून नळीने डिझेल काढून बरणी ओट्यावर ठेवली. चहा होईपर्यंत खाली तीन बोटे पाणी निवळून दिसू लागले, मध्ये काळा थर आणि वर डिझेल. पिंप उघड्यावर उभे होते, झाकणाचे बूच वरच्या बाजूला. पावसाचे पाणी त्या वरच्या कडेत साचते. दिवसा पिंप तापते तेव्हा आतली हवा बाहेर जाते, रात्री गार होते तेव्हा आत ओढ लागते, आणि बुचाच्या आट्यांतून ते साचलेले पाणी हळूहळू आत जाते. बूच घट्ट लावलेले होते, तरीसुद्धा!

म्हणून पिंप शेडमध्ये आडवे ठेवा. दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, म्हणजे आतून डिझेलने भिजलेली राहतील अशी. मागची बाजू विटेने किंचित खाली करा, पुढे नळ असेल तर तो तळापासून चार बोटे वर राहू द्या. डिझेल आणल्यावर निदान एक रात्र हलवू नका. जस्ताचा मुलामा दिलेले पिंप किंवा डबा वापरू नका, जस्ताशी डिझेलची प्रतिक्रिया होते आणि त्याचा गाळ फिल्टरवर बसतो. ट्रॅक्टरची टाकी सकाळऐवजी संध्याकाळी भरून ठेवा. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. रिकाम्या टाकीतल्या हवेचे रात्री दव होते, तेही शेवटी तळालाच जाते.

हे सगळे केल्यावर मग सुधारणेचा विचार. पहिली आणि माझ्या मते सर्वांत किफायतशीर सुधारणा म्हणजे पाणी वेगळे करणारा फिल्टर, खाली पारदर्शक वाटी आणि निचऱ्याचा नळ असलेला. तो टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये बसवावा. इथे जाळी मध्यम हवी. हौसेने सर्वांत बारीक घेऊ नका. ओढण्याच्या बाजूला फार बारीक गाळणी लावली तर फीड पंपाला डिझेल ओढताच येत नाही, आणि औषधच रोग होते. बारीक फिल्टर पंपाच्या पुढे, ढकलण्याच्या बाजूला. घरात आधी पीठ चाळतो आणि मग मैदा वस्त्रगाळ करतो, तसेच.

आकार निवडताना इंजिन तासाला किती डिझेल जाळते एवढेच पाहू नका. पंपाकडे जाणारे बरेचसे डिझेल जळत नाही, ते परतीच्या नळीने टाकीत येते. गाळणीतून ते सगळेच जाते, म्हणून फिल्टर तेवढ्या प्रवाहाचा हवा. नळी डिझेलची घ्या, पट्टे स्क्रूचे घ्या. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा आपला राष्ट्रीय इलाज इथे चालत नाही, तो रबर डिझेलमध्ये फुगतो आणि तिथून हवा शिरते. दर सकाळी वाटीकडे एक नजर, पाणी दिसले तर नळ सोडायचा. हे काम शाळकरी पोरगाही हौसेने करतो.

पंप खरेच कधी बदलावा? ओढणाऱ्या नळीत थोडा पारदर्शक तुकडा जोडून पाहा. बुडबुडे दिसले तर हवा शिरते आहे, पंपाचा दोष नाही. फिल्टर नवा, नळ्या घट्ट, तरी ओझ्याखाली जोर जात असेल तर फीड पंपाचा दाब मोजून घ्या. काळा धूर येत असेल तर गाळणीला दोष देऊ नका, एअर क्लीनर बघा. जुन्या गाडीला विजेचा फीड पंप बसवतात, त्याने काम होते, पण दाब मोठ्या पंपाला सोसेल एवढाच हवा आणि इंजिन थांबले की तोही थांबेल अशी जोडणी हवी. नाहीतर नळी फुटली तरी तो डिझेल ओततच राहील. आणि मोठ्या पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवून "डिझेल वाढवून" घेणे मला मुळीच पसंत नाही. धूर वाढतो, इंजिन तापते, जास्तीचे डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून तेलात उतरते. पंप खोलायचाच तर ज्याच्याकडे तपासणीचे बेंच आहे त्याच्याकडेच खोला.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या आणि जानेवारी २०२३ पासूनचे ५० एचपीवरचे नव्या मानकाचे ट्रॅक्टर यांच्यात मात्र स्वतःची सुधारणा करू नका. कंपनीचाच फिल्टर, पुस्तिकेत दिलेल्या तासांना. पाण्याचा दिवा लागला की गाडी थांबवून निचरा करायचा, "घरी जाऊन बघू" नाही. कसारा घाटात रात्री मालासकट अडकण्यापेक्षा पंधरा मिनिटे गेलेली बरी. आताच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त १० भाग असते. गंधक काढताना त्याचे नैसर्गिक वंगणही कमी होते, ते रिफायनरीत पूरक घालून भरून काढतात. त्यात घरी रॉकेल किंवा कसलेही तेल मिसळू नका.

फिल्टर बदलल्यावर हवा काढावी लागते. जुन्या इंजिनावर फिल्टरचा स्क्रू सैल करून प्रायमर मारतात, बुडबुडे थांबले की आवळतात. कॉमन रेल इंजिनाची दाबाची नळी मात्र चालू इंजिनावर कधीही सैल करू नका आणि गळती बोटाने चाचपू नका. तो फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस सडते. असे झाले तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आणि काढलेला जुना फिल्टर लगेच उकिरड्यावर फेकू नका. करवतीने कापा, कागदाची घडी उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरा. तांबूस गंज दिसला तर टाकी धुवायला झाली. काळा लिबलिबीत थर असेल तर पिंप तपासा. आणि उन्हात धरल्यावर धातूची बारीक चमक दिसली, तर झिजतो आहे तो फीड पंप. त्या दिवशी मात्र नवा पंप घ्यायला खुशाल नाशिकला जा.