बेडा, बेकु आणि बेडका

"उगुळु बेडा, कफा बेकु," लॅबमधली मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली. ह्यांनी मान डोलावली आणि डबीत पुन्हा थुंकीच टाकली. "बेडकाच देतोय की!" वर माझ्यावरच डाफरले.

कानडीत बेडा म्हणजे नको, बेकु म्हणजे पाहिजे. मिरजेत जन्म गेल्यामुळे मला एवढं कळतं. हे साताऱ्याचे. मी ह्यांना चूळ भरायला लावली, पाठीवर हात ठेवला आणि खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला डबीत आलं ते गंजाच्या रंगाचं, चिकट. ते बघितलं आणि माझ्याच पोटात गोळा आला.

मी तीस वर्षं मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत हेच काम केलं. 2022च्या डिसेंबरात आम्ही लेकीकडे देवनहळ्ळीला आलो होतो. ती विमानतळावर नोकरीला. घरावरून दर थोड्या वेळानं विमान जायचं आणि वर्षाचा नातू आकाशाकडे बोट करायचा. एका पहाटे हे जावयाबरोबर नंदी हिल्सवर धुकं बघायला गेले. त्यानंतर दोन दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला. मी धुक्याला दोष दिला. गारठ्यानं न्यूमोनिया होत नाही, जंतूनं होतो, हे मीच शेकडो लोकांना सांगितलेलं. पण माणूस घरचा असला की आपणही आजीच्या तोंडानं बोलतो.

आणि दुसरी, जास्त लाजिरवाणी गोष्ट. लेकीच्या कपाटात अ‍ॅझिथ्रोमायसिनची उरलेली पट्टी होती. तीन दिवस रोज एक गोळी मीच ह्यांना दिली. नमुना देण्याआधी प्रतिजैविक घेतलेले पेशंट आले की मी मिरजेत कपाळाला हात लावायची. "आता काय उगवणार त्यात?" असं त्यांच्या तोंडावर म्हणायची. चौथ्या दिवशी ह्यांना उजव्या कुशीत श्वासागणिक कळ येऊ लागली. घड्याळ लावून मोजलं, तर मिनिटाला बत्तीस श्वास. तीसच्या पुढे आकडा गेला की घरी थांबायचं नसतं. वय अडुसष्ट, जोडीला मधुमेह. तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो.

एक्सरेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा. डॉक्टरांनी रक्ताचा आणि कफाचा नमुना घेतला, क्षयासाठीही तपासणी पाठवली आणि निकालाची वाट न बघता सेफ्ट्रियाक्सोन चालू केलं. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्यांनीही सुरूच ठेवलं, कारण मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते आणि लिजिओनेला पेशींच्या आत दडून बसतो. एकटं सेफ्ट्रियाक्सोन त्यांच्यापुढे निकामी. क्षयाची शंका मिटेपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिन मात्र नको म्हणाले. ते मला फार आवडलं. त्या औषधानं क्षयही थोडा दबतो, पेशंटला बरं वाटतं आणि खरा रोग कळायला महिने जातात. आपल्याकडे न्यूमोनिया म्हणून आलेला माणूस क्षयाचा निघणं नवलाचं नाही.

पुस्तकात न्यूमोनियाच्या जंतूंत पहिला मान न्यूमोकॉकसचा. आमच्या टेबलावर मात्र मधुमेही आणि दारू पिणाऱ्यांच्या कफात क्लेब्सिएला पुन्हा पुन्हा यायचा. मॅकॉन्कीच्या प्लेटवर गुलाबी, बुळबुळीत वसाहती. लूपनं उचललं की पाकाला निघते तशी तार निघायची. न्यूमोकॉकस त्यापुढे नाजूक आणि नखरेल. नमुना पोचायला उशीर झाला की मरणार, त्याला रक्त घातलेलं माध्यम लागणार, तेही मेंढीच्या रक्ताचं असलं तर बरं. छोट्या लॅबला मेंढीचं रक्त कुठून मिळायचं? मग रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरतात आणि हा पठ्ठ्या ओळखूच येत नाही. आपल्याकडच्या आकड्यांत न्यूमोकॉकस कमी दिसला, तर तो खरंच कमी आहे की आपल्याला सापडला नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मी पूर्वी हेच काम करायची हे कळल्यावर त्या मुलीनं मला ग्रॅम रंगवलेली काच दाखवली. हान्स क्रिस्टियान ग्रॅमनं 1884मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत काढली तीसुद्धा न्यूमोनियानं मेलेल्यांच्या फुफ्फुसाचे तुकडे बघतानाच. काचेवर पू-पेशी खच्चून भरलेल्या, गालाच्या पेशी जवळजवळ नाहीतच. म्हणजे नमुना उत्तम. कोपऱ्यात जांभळ्या, टोकदार ठिपक्यांच्या दोन-तीन जोड्या दिसल्यासारख्या वाटल्या. मी डोळा बाजूला केला, पुन्हा लावला. "एनु मॅडम?" तिनं विचारलं. काय सांगणार? एवढ्यावर रिपोर्ट लिहायचा नसतो, हे मीच माझ्या हाताखालच्या मुलींना शिकवलं होतं.

क्षयाची तपासणी निगेटिव्ह आली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याच दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला: वाढ नाही. रक्ताच्या बाटल्याही कोऱ्याच निघाल्या.

घरी आल्यावर लेकीनं देवनहळ्ळीचा प्रसिद्ध चकोता सोलून समोर ठेवला. नातवाचं लसीचं कार्ड टेबलावरच होतं. न्यूमोकॉकसची लस 2021मध्ये देशभरच्या बालकांच्या सरकारी कार्यक्रमात आली, त्यामुळे त्याला ती फुकट मिळाली होती. आजोबांना मिरजेत कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

"मग नाव काय निघालं माझ्या जंतूचं?" ह्यांनी फोड तोंडात टाकत विचारलं.

"नाही निघालं."

"तीस वर्षं लोकांची नावं काढलीस," हे म्हणाले, "आणि माझ्या वेळेला?"

मी पट्टीतल्या उरलेल्या दोन गोळ्या कपाटातून काढून त्यांच्यासमोर ठेवल्या.