अंग टेकणे आणि अंग सोडणे

थकलेल्या माणसाला ‘जरा अंग टेका’ असे सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. परभणी जिल्ह्यातील आमच्या चारठाण्यात उन्हाळ्याच्या दुपारी जणू सारे गावच अंग टेकते. लिंबाच्या सावलीला बैल रवंथ करीत बसतात आणि ओसरीवर म्हातारी माणसे आडवी होतात. परंतु आडव्या झालेल्या माणसाकडे एकदा नीट पाहावे. पुष्कळदा त्याच्या कपाळावरची आठी तशीच असते, दातांवर दात घट्ट असतात, खांदे कानांकडे ओढलेले असतात. अंग टेकलेले असते, पण सोडलेले नसते. या दोहोंतील अंतर मला उतारवयाच्या उंबरठ्यावर, एका वृद्धेची सेवा करताना कळले. ते आपणांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचे वय ८२, माझे ५८. त्यांना अनेक वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे दुखरे आहेत आणि झोप सावध आहे. रात्रीतून तीन-चार वेळा त्यांना उठावे लागते, आणि एकदा अंधारात तोल गेल्यापासून त्यांनी एकटीने उठू नये, असे घरात ठरले आहे. म्हणजे त्यांचे प्रत्येक उठणे हे माझेही उठणे. ज्यांच्या घरी आजारी वा वृद्ध माणूस आहे, त्यांना वेगळे सांगायला नको, की अशा रात्री डोळे मिटतात, पण कान मिटत नाहीत. बांगडी वाजली, खाट करकरली, की आपण उठून बसलेलो असतो. पुढे पुढे त्या शांत झोपल्या असतानाही मला जाग येऊ लागली. देह विश्रांती घेणेच विसरत चालला होता.

गावातील एका निवृत्त शिक्षकांनी तेव्हा आम्हा दोघींना शवासन शिकविले. आत्याबाईंचा पहिला आक्षेप नावालाच होता. “भरल्या घरात मढ्यावानी कशाला पडायचं गं? येळ आली की पडायचंच हाय की,” त्या म्हणाल्या. आक्षेप रास्त होता. ज्या वयात मृत्यूचा विचार रोज दारावरून जातो, त्या वयात शब्दालाही वजन असते. ‘हठप्रदीपिके’सारख्या जुन्या ग्रंथाने शवासनाचे फळ सांगितले आहे ते थकवा हरणे आणि चित्ताला विसावा मिळणे. मग आम्ही त्या फळाचेच नाव आसनाला दिले, ‘विसावा’. देवदर्शन झाल्यावर पायरीवर क्षणभर टेकल्याशिवाय आपण देवळातून निघत नाही. तसेच हे टेकणे, असे मी म्हटले. “असं म्हण की मग,” म्हणून त्या आडव्या झाल्या. आपल्या घरीही नाव अडत असेल, तर नाव खुशाल बदलावे.

आता या विसाव्यात घडते काय, ते पाहू. आपल्या शरीरात आपोआप चालणाऱ्या क्रियांवर चेतासंस्थेचे दोन भाग लक्ष ठेवतात. अनुकंपी भाग संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करतो, म्हणजे नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठ होतात. परानुकंपी भाग संकट टळल्यावर शरीराला पूर्वपदावर आणतो. काळजी दीर्घकाळ चालली, की पहिला भाग सतत जागा राहतो. काळजीचा आवाज आपल्याला हुकमाने थांबविता येत नाही. श्वास मात्र संथ करता येतो आणि स्नायू सैल सोडता येतात. या दोन दारांनी आत गेले, की हृदयाची गती हळूहळू उतरते आणि मनही मागोमाग येते. झोपेत आपले भान हरपते. शवासनात भान राहते आणि ताण जातो. हीच त्याची विशेषता.

याचा आपल्या महाराष्ट्रात अभ्यासही झाला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले व त्याचे निष्कर्ष १९६९ मध्ये ‘अँजिओलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. जे १० रुग्ण औषधे घेत नव्हते, त्यांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ पर्यंत उतरला. (हा वरच्या व खालच्या आकड्यांवरून काढलेला मध्य-दाब आहे, यंत्रावरच्या वरच्या आकड्याशी त्याची तुलना करू नये.) औषधे घेणाऱ्यांपैकी काहींची औषधाची गरज बरीच कमी झाली, काहींची झाली नाही. पुढे १९७३ मध्ये इंग्लंडमधील डॉ. चंद्रा पटेल यांनी योगातील शिथिलीकरणाला यंत्राच्या साहाय्याची जोड देऊन २० रुग्णांवर केलेला असाच अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या मानाने हे अभ्यास लहान आहेत, म्हणून त्यांचा आधार घेऊन गोळ्या फेकून देण्याचा उतावळेपणा कोणीही करू नये. परंतु नुसते पडून सैल होणे हे शरीराच्या दृष्टीने ‘काही न करणे’ नव्हे, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

वृद्धांनी हा विसावा कसा घ्यावा? जमिनीवर निजणे-उठणे कठीण असेल, तर पलंग किंवा पक्की खाट चालते. झोळ पडलेली बाज नको. उताणे निजून गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली गोधडी ठेवावी, म्हणजे कंबर सुटते. पाठीला पोक असेल, तर मानेखाली घडी केलेला पंचा घ्यावा. ज्यांना सपाट निजल्यावर धाप लागते, त्यांनी उशा रचून डोके व पाठ उंच ठेवावी किंवा आरामखुर्चीत बसूनच करावे. हात अंगापासून थोडे दूर, तळवे वर. अंगावर पातळ पांघरूण असावे, कारण सैल झालेले शरीर लवकर गार पडते. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र त्यासाठी जेवणाची वेळ चुकवू नये.

प्रथम पायाच्या बोटांकडे लक्ष न्यावे, मग घोटे, पोटऱ्या, गुडघे, मांड्या, असे हळूहळू वर यावे. प्रत्येक ठिकाणी थोडे थांबून तो भाग जमिनीच्या स्वाधीन करावा. जबडा, जीभ आणि भुवया यांकडे विशेष लक्ष द्यावे. काळजी तेथेच दडून बसते. ‘सैल’ म्हणजे काय हेच कळत नसेल, तर आधी मूठ हलकेच आवळून मग सोडावी. आवळताना श्वास रोखू नये. अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात स्नायू आवळून सोडण्याची अशीच रीत मांडली होती. शेवटी लक्ष नाकपुड्यांवर आणावे. आत येणारा श्वास किंचित गार आणि बाहेर जाणारा किंचित उबदार लागतो, तेवढेच अनुभवीत राहावे. डॉ. दाते यांच्या रुग्णांनाही हेच शिकविले होते. मन भटकले, तर त्याच्यावर रागावू नये. पुन्हा श्वासाकडे आणावे.

आरंभी दहा मिनिटे, पुढे वीस मिनिटे पुरेत. झोप लागली, तरी बिघडत नाही. कोणी तरी मंद आवाजात एकेका अवयवाचे नाव घेत गेले, तर ते अधिक सोपे जाते. बिहारमधील मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी रूढ केलेल्या ‘योगनिद्रे’तही असेच सूचना ऐकत अंगभर लक्ष फिरवायचे असते. उठताना मात्र घाई नको. आधी बोटे हलवावीत, कुशीवर वळावे, हाताच्या आधाराने बसावे आणि एक-दोन मिनिटे पाय खाली सोडून बसून राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते. डोळे मिटल्यावर भीती वाटत असेल, तर ते अर्धवट उघडे ठेवावेत. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आमच्या घरी काय झाले, तेही सांगते. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे थांबले नाहीत आणि रात्रीचे उठणेही सुटले नाही. पण उठून आल्यावर पूर्वी ज्या तास-दीड तास टक्क जाग्या राहत, त्या आता श्वास मोजता मोजता पुन्हा झोपतात. काही महिन्यांनी रक्तदाबाचे आकडे उतरलेले दिसले, तेव्हा एका आप्ताने “आता गोळी कशाला?” असे सुचविले. आम्ही जिंतूरच्या डॉक्टरांकडे वही नेली. त्यांनी आकडे पाहिले, गोळी तशीच ठेवली आणि विसावाही चालू ठेवायला सांगितले. गोळी आणि विसावा यांत भांडण नाही, हे त्यांचे म्हणणे आम्ही पाळतो. ज्यांच्या गोळ्या कमी व्हायच्या असतील, त्यांच्या त्या डॉक्टरच कमी करतील.

आता शेवटची गोष्ट, जी मला सेवा करणाऱ्या भगिनी-बंधूंना मुद्दाम सांगायची आहे. घरात आजारी माणूस असताना आपण आडवे व्हावे, हे आपल्या मनाला पटत नाही. विशेषतः सुनेला आणि लेकीला आडवे व्हायलाही काही निमित्त लागते. मला ते निमित्त आत्याबाईंनीच दिले. पहिल्या काही दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसून अवयवांची नावे घेत असे. एके दिवशी त्यांनीच हात धरला. “तू बी पड. नावं म्या घेते. मला काय येत न्हाईत व्हय?” तेव्हापासून एक दिवस मी सांगते, एक दिवस त्या सांगतात. त्या घोट्यावरून एकदम कमरेवर येतात, कधी कान विसरतात. पण त्या आवाजात माझे खांदे खरेच खाली येतात. ज्यांची सेवा करायची, त्यांच्याच हातून सेवा घेणे हा अनुभव दोघींनाही हलके करणारा आहे. त्यांना आपण अजून कोणाच्या उपयोगी पडतो असे वाटते, आणि मला त्या वीस मिनिटांत कान मिटता येतात.

म्हणून आपल्या घरी कोणी वृद्ध असेल, तर त्यांना एकट्याने विसावा घ्यायला सांगू नका. शेजारी आपलेही अंथरूण घाला. घरातील तिसऱ्या माणसाने तेवढा वेळ फोन आणि दार सांभाळावे. दिवसाची एक वेळ ठरवा. आमची वेळ दुपारी साडेतीनची आहे, चहाच्या आधीची.