धोटा

बाप १९८२ च्या संपापर्यंत रिंग खात्यात होता. साचे खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. का, तर कांडी बदलताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे. आपल्या ओठाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागला की धर्म बुडाला! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. पुढाऱ्यांनी मागणी यादीत घातली, ती नाइलाजानं.

गेल्या महिन्यात त्याच गिरणीच्या आवारात गेलो. आता तिथं जाहिरातीच्या कचेऱ्या, स्टुडिओ, हॉटेलं. पुतणी तिथं साफसफाई करते. ठेकेदारानं दोन महिन्यांचा पगार थकवला होता, म्हणून गेलो.

रिचर्ड फ्लोरिडा नावाचे अमेरिकन प्रोफेसर आहेत. त्यांनी २००२ साली पुस्तक लिहिलं : कलावंत, डिझायनर, कॉम्प्युटरवाले जिथं राहायला येतील ते शहर वर येणार. झालं! बाजारात बैल सजवून उभे करावेत तशी शहरं उभी राहिली. २००९ मध्ये हॅम्बुर्गच्या कलावंतांनी ठणकावलं, तुमच्या शहराच्या जाहिरातीत आम्हाला जुंपू नका. २०१७ मध्ये प्रोफेसरांनीच दुसरं पुस्तक लिहून कबूल केलं, की यात विषमता वाढली. बरं केलं. पण चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिणारे अण्णा भाऊ त्यांच्या हिशोबात कुठं बसले असते?

आपल्याकडं २००३ च्या एका अहवालानंतर मुंबईचं शांघाय करायचं ठरलं. २००४-०५ च्या हिवाळ्यात हजारो झोपड्या पाडल्या. गिरण्यांच्या जमिनीची १९९१ च्या नियमात तीन वाटे होते : मालक, म्हाडा, पालिका. २००१ मध्ये नियम फिरवला, वाटणी फक्त मोकळ्या जागेची. म्हणजे शेड, चिमणी, सगळं मालकाकडं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्का मारला. २०१९ मध्ये युनेस्कोनं मुंबईला सिनेमाचं सर्जनशील शहर केलं. बापाच्या खोलीत तेव्हाही नळाला सकाळी तासभरच पाणी.

ठेकेदार भेटला नाही. पुतणी मला मागच्या दारानं कॉफीच्या हॉटेलात घेऊन गेली. पुढून सोडत नाहीत. भिंतीवर काचेच्या पेटीत एक धोटा, वर दिवा लावलेला.

"नाना, हे मी रोज पुसते," ती म्हणाली. "काय असतं ओ हे?"

मी सांगितलं. तोंडाचंही सांगितलं.

तिनं हातातलं फडकं घडी करून खिशात घातलं. म्हणाली, "चला, मुकादम येईल."