तसबीरवाल्याच्या शोधात

गेली सात वर्षे आम्ही दोघे नवरा-बायको एका माणसाच्या मागावर आहोत. त्याचे नाव आम्हाला माहीत नाही. गाव, जात, धर्म काहीच माहीत नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तो बार्शीत आला आणि त्याने आमच्या परदादांचा फोटो काढला, एवढेच खरे.

आम्ही दोघेही शाळेतून निवृत्त झालो. आमच्यातल्या एकाला मोडी वाचता येते, दुसरीला उर्दू. निवृत्तीनंतर हज झाला, मुलीचे लग्न झाले, आणि मग हा नाद लागला. नातेवाईक हसतात. "अजून सापडला नाही का तुमचा फोटोवाला?" असे ईदच्या शिरखुर्म्याबरोबर विचारतात.

फोटो सापडला फूफींच्या लोखंडी ट्रंकेत, एका फाटक्या जुझदानात गुंडाळलेला. अडीच इंच रुंद, चार इंच उंच. पातळ पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद, रंग चहासारखा पिवळसर. दीड-दोन वर्षांचे मूल, डोक्यावर जरीची टोपी, गळ्यात तावीज. खाली फुलांची चादर टाकलेली खुर्ची. फूफींनी सांगितले, "ये हमारे दादा." म्हणजे आमचे परदादा. फूफींनी लहानपणी त्यांना पाहिले होते, त्यांच्या मांडीवर बसून बोरे खाल्ली होती.

पुठ्ठ्याच्या मागे उर्दूत शिक्का होता. पहिला शब्द पुसलेला, शेवटच्या शब्दाची डावी कड उंदराने कुरतडलेली. वाचता येत होते ते एवढेच: 'ख़ान'.

आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. एकोणिसाव्या शतकातला, आपल्या भागातला, मुसलमान फोटोग्राफर! आपल्या समाजाबद्दल काय काय ऐकावे लागते ते वाचकांना सांगायला नको. हे लोक मागासलेले, यांना कलेचे वावडे, तसबीर यांच्यात हराम. उत्तर द्यायला आमच्या हातात पुरावा आला होता. आम्ही एका मेळाव्यात त्यावर भाषणही केले. 'खान नावाचा एक कलावंत' असे ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आजही आम्हाला टोचतात.

टोचण्याआधी आम्ही पुष्कळ वाचले, हे मात्र चांगले झाले. फोटोची कला युरोपात 1839 मध्ये जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांची छायाचित्रे 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात गेली. मुसलमानांचे म्हणाल, तर लखनौचे अहमद अली ख़ान 1857 च्या बंडाआधीच तिथल्या लोकांची चित्रे काढत होते. दारोगा अब्बास अली या लखनौ नगरपालिकेच्या इंजिनिअरने 1874 मध्ये शहराच्या पन्नास दृश्यांचा आल्बम छापला. म्हणजे आमच्या अभिमानाला बार्शीच्या एका कुरतडलेल्या शिक्क्याची गरजच नव्हती. नावे इतिहासात होतीच, आपणच वाचली नव्हती.

पण ही सारी मोठ्या शहरांतली माणसे. लहान गावात फोटो काढणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? 1884 च्या सोलापूर गॅझेटिअरमध्ये अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी यांची माहिती मिळते. पण ती समूहांची. एकटा माणूस आज इथे, उद्या तिथे. तो कुठल्या रकान्यात बसणार?

मग आम्ही त्याचे काम समजून घेतले. त्या काळी काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव ओतत. काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्याकडच्या उन्हात तर त्याहून कमी. म्हणून फोटोवाला काळा तंबू, बाटल्या आणि काचांच्या पेट्या घेऊन हिंडत असे. कागदावर अंड्याचा पांढरा बलक आणि मीठ यांचा थर असे आणि छपाई उन्हात होई. रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली. वाटेवरच्या बार्शी रोड स्टेशनला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरून बैलगाडीने बार्शी गाठावी लागे. बार्शीची छोटी गाडी 1897 मध्ये आली. आमचा माणूस त्याच्या कितीतरी आधीचा. काचांच्या पेट्या बैलगाडीतून आणताना त्याचा जीव कसा वर-खाली होत असेल!

पुठ्ठ्यानेही थोडे सांगितले. पातळ पुठ्ठा आणि चौकोनी कोपरे ही 1860 नंतरच्या दहा-बारा वर्षांतली पद्धत. पुढे पुठ्ठा जाड झाला, कोपरे गोल झाले. घरातल्या हिशेबाने परदादांचा जन्म 1870 च्या आगेमागे. दोन्ही गोष्टी जुळल्या.

पुढचा धागा एका वाणी कुटुंबाने दिला. त्यांच्या पणजोबांचे काष्ठौषधीचे दुकान होते आणि त्याच्या जुन्या वह्या रुमालात बांधून माळ्यावर होत्या. घरातल्या आजोबांनी स्वतः त्या खाली काढल्या, वर चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, आम्हाला मोडी येत नाही. आमच्या घरात काय आहे ते तुम्हीच आम्हाला सांगा." आम्ही तीन उन्हाळे त्यांच्या ओटीवर बसलो. शके 1793 च्या वहीत, म्हणजे 1871 साली, तो भेटला: 'तसबीरवाला. चंद्रस, लाख, मेण.' चंद्रस आणि लाख काचेवरच्या वार्निशासाठी, मेण छापील चित्राला चकाकी आणायला. हाच आपला माणूस! पण दुकानदाराने नाव लिहिले नव्हते. सगळा गाव त्याला ज्या नावाने ओळखत होता तेच लिहिले होते. चार वर्षांत अशा सात नोंदी. शेवटची शके 1797 ची. पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. त्या वहीत धान्याच्या उधारीखेरीज दुसरे काही नाही आणि तसबीरवाला पुन्हा दिसत नाही.

घरी येऊन आम्ही शिक्का पुन्हा पाहिला, या वेळी भिंगाखाली. आणि आमच्यातली उर्दू वाचणारी गप्प झाली. ख़े, अलिफ़, मग नूनचा नुक्ता. पुढचा कागद नाही. नूनची वाटी पूर्ण होत होती, की तो पुढच्या हेला जोडलेला होता, हे सांगणारा तुकडाच उंदराने नेला होता. शब्द 'ख़ान' असू शकतो. तसाच तो 'ख़ाना'ही असू शकतो. तस्वीरख़ाना! म्हणजे माणसाचे नाव नव्हे, दुकानाची पाटी. आणि उर्दू शिक्का मारणारा मुसलमानच असला पाहिजे, असेही नाही. निजामाचा मुलूख बार्शीच्या वेशीपाशी सुरू होत होता. त्या काळी उर्दू अनेकांच्या रोजच्या व्यवहारात होती. निजामाने ज्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला ते राजा दीनदयाळ मेरठजवळच्या सरधन्याचे जैन होते.

आम्ही मेळाव्याच्या संयोजकांना पत्र लिहिले. आमचे विधान घाईचे होते, ते मागे घेत आहोत, असे कळवले. एका जुन्या मित्राने फोनवर सुनावले, "कशाला उगाच? कुणी विचारणार होते का?" कुणी विचारणार नव्हते, हेच तर आम्हाला लाजिरवाणे वाटत होते. आपल्याबद्दल लोक खोटे सांगतात म्हणून आपण रागावतो. मग आपणच आपल्याबद्दल अर्धवट खरे कसे सांगायचे?

त्याच रात्री भिंग शिक्क्यावरून पुढच्या बाजूला फिरले. मुलाच्या कमरेपाशी, चादरीच्या चुणीतून चार बोटे दिसली. मनगटाजवळ बांगड्यांची कड. आम्ही दोघांनी आळीपाळीने पाहिले. ती खुर्ची नव्हती. चादरीखाली एक स्त्री बसलेली होती.

पुढे वाचनात कळले की हा रिवाज विलायतेतही होता. चित्राला कित्येक सेकंद लागत. मोठ्यांचे डोके मागून लोखंडी चिमट्याने धरता येई, मुलाला कोण धरणार? मग आईलाच कापडाने झाकून खुर्चीसारखे बसवत आणि तिच्या मांडीवर मूल ठेवत. म्हणजे आमच्या तसबीरवाल्याने चादर टाकली ती परद्याची अदब म्हणून, की धंद्याची रीत म्हणून, हे ठरवता येत नाही. 1892 मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत परद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंच्या हाती दिला. बार्शीच्या तंबूत अशी सोय कुठून असणार? तिथे एक चादर होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही फूफींकडे गेलो. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. नजर कमी झाली आहे. भिंग धरून, बोट ठेवून दाखवले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा बोलते थे, मेरे अम्मा की कुछ बी निशानी नई रही. उमरभर फोटू उनके पासिच था रे."

परदादांची आई ते लहान असतानाच वारली होती. माणूस आयुष्यभर आईच्या मांडीवर बसलेला स्वतःचा फोटो जवळ बाळगतो आणि तिला खुर्ची समजतो! आम्हाला रडू आवरले नाही.

पण मग आमच्यात वाद झाला. हा फोटो छापावा असे एकाला वाटत होते. तसबीर नको म्हणून आमच्याच एका नातेवाइकांनी घरातले सगळे जुने फोटो विहिरीत सोडले. अशा वेळी एक तरी चेहरा, चेहरा नाही तर हात, लोकांपुढे यावा. दुसरीचे म्हणणे, तो हात कुणाचा हे सिद्ध झालेले नाही. आजी असेल, दाई असेल. खानचा धडा इतक्यात विसरलात का? शेवटी फूफींना विचारले. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला. "उनो परदे में बैठे, तुम कायको उघाडते? नक्को."

आम्ही आयुष्यभर मुलींच्या शिक्षणासाठी भांडलो, परद्याविरुद्ध बोललो. फूफींचे म्हणणे आम्हाला पटले असे नाही. पण ज्या बाईला विचारायचे ती विचारण्यापलीकडे गेलेली आहे आणि तिच्या वतीने बोलणारे घरात आज एकच माणूस उरले आहे. म्हणून या लेखासोबत फोटो नाही. आमच्या टिपणवहीत 'चादरीखाली एक स्त्री' असे लिहिले आहे. फूफी 'अम्मा' म्हणतात. दोन्ही राहू दिले आहे.

तसबीरवाल्याचा शोध अजून चालू आहे. वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात असा जुना फोटो असेल तर तो पुठ्ठ्यावरून सोलू नका, मागची बाजू आधी पाहा. घरातल्या बुजुर्गांना चेहऱ्यांची नावे विचारा आणि ती शिसपेन्सिलने हलक्या हाताने मागे लिहून ठेवा. बॉलपेनने नको, ते पुढे उमटते. नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका, जागा रिकामी सोडा.

फूफींनी फोटो परत जुझदानात ठेवला आहे. आता त्या दर जुम्याला तो काढतात आणि पालथा न ठेवता सुलटा ठेवतात. दिसत काही नाही. बोटाने चाचपून कमरेपाशी थांबतात.