भिंत एकाची, गारवा सर्वांचा

सुरतेला मातीचा विटाळ केव्हापासून वाटू लागला, हे सांगणे कठीण आहे. 1994 च्या प्लेगनंतर या शहराने स्वतःला असे काही झाडून काढले की, स्वच्छतेसाठी त्याचे नाव देशभर आदराने घेतले जाऊ लागले. परंतु त्या अभिमानाच्या पोटी एक समजही बळावला असावा: स्वच्छता म्हणजे माती झाकणे. अंगणे फरशीखाली गेली, गल्ल्या सिमेंटने भरल्या; आणि आता वैशाखात दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत मध्यरात्रीपर्यंत घरात उष्मा ओतीत राहते.

आमच्या गल्लीत वृक्षाला जागा नाही. वेलीला मात्र वीतभर माती पुरते. म्हणून घरापुढील एकेक फरशी उचलून मधुमालती व गोकर्ण लावावी, असे सर्वांनी मिळून ठरविले. पाने ऊन भिंतीपर्यंत पोहोचू देत नाहीत, आणि त्यांतून उडून जाणारे पाणी भोवतालची हवा निवविते. एवढेच यामागील शास्त्र. पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाची हिरवी भिंत प्रसिद्ध आहे. पण ती मातीवाचून, नळ्यांतून पाणी पाजून जगवावी लागते. तो थाट आम्हांस परवडणारा नव्हे.

अडले ते भिंतीपाशी. एका वृद्ध शेजाऱ्यांनी विचारले, "वकीलसाहेब, भिंतीत रुजलेला पिंपळ देऊळ फोडतो, तुमची वेल माझे घर राखील काय?" शंका रास्त होती. पिंपळ फटीत मूळ घालतो. मधुमालतीचे मूळ जमिनीत, तिला हवा केवळ आधार. अखेर भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून तारा ताणल्या. ओल टळली आणि वादही टळला.

1882 चा सुविधाधिकार कायदा वीस वर्षे उपभोगलेल्या उजेडवाऱ्याचे रक्षण करतो. निसर्गाचे रक्षण हे 1976 पासून राज्यघटनेत नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. तथापि भर उन्हाळ्यात वेलीला पाणी कोणी घालावे, हे कोणताही कायदा सांगत नाही. तेथे संस्कारच कामी येतो. तुळशीला पाणी घालण्यासाठी आपल्या घरी कोणावर समन्स बजावावे लागले नाही. वृंदावन तरी काय? अंगणात मातीसाठी राखून ठेविलेली पूज्य जागा. तोच तांब्या चार पावले पुढे, शेजाऱ्याच्या वेलीपर्यंत न्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.