कोरडा ऋतू

यंदा अंदमानला जायचंच! शनिवारी एक्सेल शीट उघडली. तिकडे पाऊस दोनदा: मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी, मग डिसेंबरपर्यंत ईशान्य. म्हणजे जानेवारी ते एप्रिल आपला. मार्च हिरवा केला. सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, म्हणून हॅवलॉकची (आता स्वराज द्वीप) बोट सकाळची.

आईला शीट दाखवली. ती म्हणाली, "मार्चात त्यांच्या नळाला पाणी असतं का रे?"

शोधलं. पोर्ट ब्लेअरची (२०२४ पासून श्री विजयपुरम) भिस्त मुख्यतः धनीखारी धरणावर. कोरड्या महिन्यांत पाणी मोजूनमापून सोडतात.

आम्ही लातूरचे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलोय. आणि मी मार्च हिरवा केला!

आता जानेवारी. आंघोळीला एकच बादली, हेही शीटमध्ये लिहिलंय.